निर्यातवाढीचं विधेयक संसदेत मंजूर झालं की लगेच लागू होतं का? ते कायदा कसं बनतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. व्यापार आणि निर्यातीला चालना देणारं विधेयक कायदा कसं बनतं, आणि ‘संसदेत मंजूर’ अशी बातमी आली की दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या सवलती मागता येतात का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यातच लोक फसतात. नाही, मागता येत नाहीत. मंजुरीची तारीख वेगळी, राष्ट्रपतींच्या सहीची वेगळी आणि कायदा लागू होण्याची वेगळी.

मी सतरा वर्षं लहान निर्यातदारांची कागदपत्रं करते. आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याला लागणारा कोड क्रमांक), शिपिंग बिलं (निर्यातीच्या मालासाठी कस्टम्सकडे भरायचे कागद), परताव्याचे दावे हे माझं रोजचं काम. अधिवेशन सुरू झालं की कुणा ना कुणाचा फोन येतोच, ‘मॅडम, विधेयक पास झालं, आता अर्ज भरायचा ना?’ म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन कायदे शेजारी ठेवून बघा. पहिला १९९२ चा विदेश व्यापार (विकास व विनियमन) कायदा. आज आपली सगळी आयात-निर्यात याच कायद्याखाली चालते. तो १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याच्या जागी आला. जुन्या कायद्याच्या नावात ‘नियंत्रण’ होतं, नव्याच्या नावात ‘विकास’ आला, आणि निर्यात वाढवणं हा हेतू कायद्याच्या पहिल्याच ओळीत लिहिला गेला. त्यावर राष्ट्रपतींची सही झाली ७ ऑगस्ट १९९२ ला, पण तो लागू मानला जातो १९ जून १९९२ पासून, म्हणजे सहीच्या दीड महिना आधीपासून. त्या दिवशी सरकारने अध्यादेश काढला होता आणि कायद्याने तोच धागा पुढे नेला. मात्र ११ ते १४ ही कलमं, ज्यांत दंड आणि जप्ती येते, ती मागच्या तारखेपासून नाहीत. काल जे गुन्हा नव्हतं त्याची शिक्षा आज देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच आहे.

दुसरा २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा कायदा. संसदेने तो मे २००५ मध्ये मंजूर केला, २३ जूनला राष्ट्रपतींची सही झाली, आणि लागू झाला १० फेब्रुवारी २००६ ला. सहीनंतर साडेसात महिने! मधल्या काळात काय चाललं होतं? नियम बनत होते. नियमांचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता आणि त्यावर सुमारे ८०० सूचना आल्या. या ८०० सूचनांबद्दल मला फार आदर आहे. कायदा झाल्यावर आता काय बोलायचं, असं म्हणून ती माणसं गप्प बसली नाहीत.

आता विधेयकाचा प्रवास. तो संसदेत सुरू होतच नाही, मंत्रालयात सुरू होतो. परदेशांशी व्यापार हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत ४१ व्या नोंदीत आहे, त्यामुळे कायदा करायचा तो केंद्रानेच. राज्य सरकार आपलं निर्यात धोरण आणू शकतं, जमीन-वीज-अनुदान देऊ शकतं, पण सीमेवरून माल जाणार की नाही हे ते ठरवू शकत नाही. वाणिज्य मंत्रालय प्रस्ताव तयार करतं आणि तो इतर मंत्रालयांकडे मतासाठी फिरतो. घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच. सवलत द्यायची म्हणजे महसूल सोडायचा, आणि अर्थ मंत्रालय तो सहजासहजी सोडत नाही. शिवाय जागतिक व्यापार संघटनेचे नियम आड येतात. निर्यात केली म्हणून थेट अनुदान द्यायला ते आता मनाई करतात. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या निर्यात योजनांविरुद्ध तक्रार केली आणि ३१ ऑक्टोबर २०१९ च्या अहवालात तंटा मंडळाने त्यातल्या बऱ्याच योजना नियमबाह्य ठरवल्या. भारताने अपील केलं, पण धडा मिळालाच. म्हणून हल्ली ‘प्रोत्साहन’ या शब्दापेक्षा ‘निर्यातीच्या मालावर बसलेले कर परत’ अशी मांडणी दिसते. १ जानेवारी २०२१ पासून आलेली रोडटेप योजना याच विचारातली.

मंत्रालयांचं एकमत झालं की विधी मंत्रालयाचा विधायी विभाग मसुदा लिहितो आणि मग मंत्रिमंडळ मान्यता देतं. २०१४ पासून केंद्राचं एक धोरण आहे, की मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. प्रत्येक वेळी ते पाळलं जात नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सामान्य निर्यातदाराचं म्हणणं ऐकलं जाण्याची खरी वेळ हीच असते.

काही विधेयकं इथेच थांबतात. सेझ कायद्याच्या जागी नवा कायदा आणू, अशी घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली. मसुदा मंत्रालयांमध्ये फिरला. पण २०२३ संपेपर्यंत विधेयक सभागृहात आलं नव्हतं. दरम्यान आयटी सेझमधल्या रिकाम्या पडलेल्या मजल्यांचा प्रश्न होता, तो डिसेंबर २०२३ मध्ये नियमांत बदल करून सोडवला गेला. म्हणजे ज्या कामासाठी लोक विधेयकाची वाट पाहत होते त्यातला एक तुकडा विधेयकाशिवायच झाला. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच मोठा भाग येणार आहे.

मसुदा सभागृहात आला की मंत्री तो पुरःस्थापित करतात, म्हणजे औपचारिकपणे मांडतात. विधेयकाची प्रत हातात आली तर सगळे पहिल्या पानापासून वाचायला लागतात. मी शेवटापासून वाचते. मागच्या बाजूला तीन निवेदनं असतात. उद्देश व कारणे यांत सरकारला काय हवंय ते कळतं. वित्तीय ज्ञापनात पैसा कुठून येणार ते कळतं. आणि वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीच्या ज्ञापनात, कोणकोणत्या गोष्टी संसद स्वतः ठरवत नाहीये, सरकारवर सोडतेय, त्याची यादी असते. पाणी कुठे मुरणार आहे ते या तिसऱ्या कागदावर दिसतं. सवलतीचा दर, पात्रता, मुदत हे सगळं ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असेल, तर विधेयक मंजूर होऊनही तुमच्या हातात काहीच पडलेलं नाही. नियम येईपर्यंत थांबायचं.

पुरःस्थापनेनंतर विधेयक स्थायी समितीकडे जाऊ शकतं. जावंच असं बंधन नाही. वाणिज्य विषयाच्या समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, आणि तिचं कामकाज राज्यसभेच्या सचिवालयाकडून चालतं. समिती लोकांकडून लेखी निवेदनं मागवते आणि काहींना साक्षीलाही बोलावते. तुमच्या संघटनेला खरंच काही सांगायचं असेल तर दोन पानांचं, कलमवार, आकडे देऊन लिहिलेलं निवेदन पाठवा. ‘निर्यातदारांचा विचार व्हावा’ अशी पत्रं ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्या छापल्या जातात आणि चर्चेत खासदारांच्या हाती असतात.

मग चर्चा, आणि खंडवार मतदान. विधेयकात असेपर्यंत कलमाला खंड म्हणतात. पीठासीन अधिकारी एकेक खंड पुकारतात, ‘खंड २ विधेयकाचा भाग व्हावा’, ‘होय’चे आवाज येतात, पुढचा खंड. पहिला खंड, म्हणजे ज्यात कायद्याचं नाव आणि लागू होण्याची तारीख असते, तो सगळ्यात शेवटी घेतात. तोच तुम्ही आधी वाचा. ‘केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील त्या दिनांकास अंमलात येईल’ असं लिहिलेलं असेल, तर मंजुरीच्या बातमीवर फटाके वाजवू नका. सेझ कायद्यात हेच वाक्य होतं.

दुसऱ्या सभागृहात हेच सगळं पुन्हा. साध्या विधेयकाला दोन्ही सभागृहांची संमती लागते. विधेयक फक्त कर आणि सरकारी खर्चाचं असेल आणि लोकसभा अध्यक्षांनी ते धन विधेयक म्हणून प्रमाणित केलं, तर राज्यसभेला १४ दिवसांत परत पाठवावं लागतं आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात. शेवटी अनुच्छेद १११ खाली राष्ट्रपतींची अनुमती आणि राजपत्रात प्रसिद्धी. इथे कागदोपत्री ‘विधेयक’ संपून ‘अधिनियम’ होतो. बहुतेक उत्तरं इथे थांबतात. निर्यातदाराचं काम मात्र इथून पुढे सुरू होतं.

१९९२ च्या कायद्याचं कलम ३ बघा. राजपत्रात आदेश काढून कोणत्याही मालाची आयात किंवा निर्यात बंद करण्याचा, मर्यादित करण्याचा अधिकार ते केंद्र सरकारला देतं. कलम ५ विदेश व्यापार धोरण जाहीर करण्याचा अधिकार देतं. आत्ताचं धोरण ३१ मार्च २०२३ ला जाहीर झालं. त्यावर संसदेत मतदान झालं नाही, ते कलम ५ खालची अधिसूचना आहे.

हे किती जवळून लागतं ते सांगते. ८ डिसेंबर २०२३ ला सकाळी सहाला माझा फोन वाजायला लागला. कांद्याची निर्यात बंद झाली होती. अधिसूचना मोबाइलवर उघडली. एक छोटा तक्ता होता. एका रकान्यात मालाचा कोड, ०७०३ १० १९, पुढे आधीचं धोरण ‘मुक्त’, त्याच्या पुढे सुधारित धोरण ‘प्रतिबंधित’. एक शब्द बदलला होता, बस. खाली सवलतीच्या अटी होत्या. ज्या मालाचं जहाजावर चढवणं आधीच सुरू झालंय तो जाऊ शकेल, आणि जो माल अधिसूचनेच्या आधी कस्टम्सच्या ताब्यात गेलाय व त्यांच्या यंत्रणेत तारीख-वेळेसह ज्याची नोंद आहे, तोही. माझ्या एका ग्राहकाचे दोन कंटेनर एकाच शेडमधून, एकाच दिवशी भरून निघाले होते. एकाची नोंद आदल्या दुपारी झाली होती. दुसरा वाटेत टायर बसल्यामुळे रात्री उशिरा पोचला आणि गेटबाहेर रांगेत उभा होता. पहिला गेला. दुसरा परत आला, आणि त्यातला कांदा मिळेल त्या भावाने विकावा लागला. त्या माणसाने मला विचारलं, ‘संसदेत चर्चा झाली का हो यावर?’ मी म्हटलं, १९९२ मध्ये झाली.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याची अट घालून. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं, ते वेगळ्याच वाटेने आलं, अर्थ मंत्रालयाकडून, सीमाशुल्काच्या कायद्यांखाली. एकाच कांद्यावर दोन मंत्रालयं, दोन कायदे. म्हणून नवं निर्यात विधेयक आलं की त्यात सरकारला काय काय न विचारता करता येणार आहे, हे मी सवलतींच्या आधी वाचते.

संसदेचा लगाम अगदीच सुटतो असं नाही. कलम १९ प्रमाणे या कायद्याखाली केलेले नियम आणि आदेश दोन्ही सभागृहांच्या पटलावर ३० दिवस ठेवावे लागतात, आणि दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर त्यात बदल होतो किंवा ते रद्द होतात. असं क्वचितच घडतं, पण तुमच्या खासदाराला प्रश्न विचारायला हा धागा पुरतो. न्यायालयाचाही आधार आहे. २०१५ मध्ये एका निर्यात प्रोत्साहन योजनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सरकार योजना बदलू शकतं, पण कलम ५ खाली मागच्या तारखेपासून बदलून निर्यातदाराचा आधीच मिळालेला हक्क काढून घेऊ शकत नाही. दाव्यांच्या फायली तारीखवार नीट लावून ठेवा असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी.

आणखी एक. कायद्यात लिहिलेली करसवलत दुसरा कायदा काढून घेऊ शकतो. सेझमधल्या उद्योगांना किमान पर्यायी करातून, म्हणजे मॅटमधून, सूट होती. २०११ च्या वित्त कायद्याने ती काढली. सेझचं विधेयक पुन्हा चर्चेला आलं नव्हतं, अर्थसंकल्पाबरोबरच ते झालं. पाच-दहा वर्षांचा हिशेब मांडून जमीन घेणाऱ्यांना याचा जबर फटका बसला. तेव्हा दर फेब्रुवारीत वित्त विधेयकाची सीमाशुल्क आणि आयकराची पानं उघडाच.

तुम्ही आत्ता एखाद्या विधेयकाची वाट बघत असाल, तर त्याची प्रत संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. आज रात्री फक्त पहिला खंड आणि शेवटचं ज्ञापन वाचा, दहा मिनिटं लागतील. नियमांचा मसुदा निघाला की सूचना पाठवायची शेवटची तारीख त्यावर लिहिलेली असते. ती डायरीत टिपून ठेवा आणि कलम क्रमांक घालून, तुमचे स्वतःचे आकडे देऊन पत्र लिहा. पत्र लिहिताना अडलं तर इथेच खाली विचारा, मी वाचून सुचवीन.