जेवणावर लिहून पोट भरतं का?

पत्र : मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे. हॉटेलांत खायचं, त्यावर लिहायचं आणि पुढे स्वतःची रेस्टॉरंट गाइड काढायची म्हणते. कुणा 'गॉल्ट-मिलाऊ'चं उदाहरण देते. हे करिअर आहे की नुसती हौस? – एक वडील, नाशिक

सप्रेम नमस्कार.

आधी उच्चार. फ्रेंच लोक त्यांना 'गो' आणि 'मियो' म्हणतात. आँरी गो आणि क्रिस्तियाँ मियो, फ्रान्समधली रेस्टॉरंट गाइड काढणारी दोन वेगळी माणसं. मुलीनं उदाहरण चांगलं निवडलंय, फक्त शेवटाकडून वाचलंय. गाइड फार नंतरची. त्याआधी दोघंही 'पारी-प्रेस' या सांजदैनिकात पत्रकार होते. काय पाहावं, कुठे जेवावं यावर गो तिथे सदर लिहायचे. त्या कामातूनच 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युलियार प्रकाशनाचं पॅरिसवरचं पुस्तक निघालं. मासिक आलं 1969 साली आणि फ्रान्सची गाइड 1972 साली. मधली वर्षं मोजा.

बाजारात मिशलँची, म्हणजे आपण मिशेलिन म्हणतो त्या टायर कंपनीची, गाइड 1900पासून होतीच. ती रेस्टॉरंटांना तारे द्यायची, पण बोलायची मोजकंच. या दोघांनी गुण दिले वीसपैकी. फ्रेंच शाळेत पेपर वीसपैकीच तपासतात, त्यामुळे तेरा म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागलं नाही. शिवाय तेरा का, हेही ते लिहायचे, बरेचदा खवचटपणे. 1973 साली त्यांनी 'नुव्हेल क्विझिन'च्या, म्हणजे नव्या पाकशैलीच्या, दहा आज्ञा छापल्या : फार शिजवू नका, ताजा माल वापरा, मैदा घातलेले जड सॉस सोडा. पुढे मोठ्या ताटलीत चिमूटभर जेवण म्हणून या प्रकाराची थट्टाही झाली, ते सोडा.

तेव्हा तिला खाण्याआधी लिहायला शिकू द्या. पदवी कुठलीही चालेल. नंतर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता आहे, परकीय भाषाही आहेत. हॉटेल मॅनेजमेंट केलंच पाहिजे असं नाही, पण एका सुट्टीत एखाद्या भटारखान्यात राबू दे. कांदा जळकट का लागतो ते तिथे कळतं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पहिली काही वर्षं यावर घर चालणार नाही, हाताशी दुसरी नोकरी हवी. आणि हॉटेलवाल्यानं फुकट जेवू घालून करून घेतलेली रील म्हणजे जाहिरात. ती करायला माझी ना नाही, पण तिला समीक्षा म्हणू नये. बिल आपल्या खिशातून गेलं की जीभ मोकळी राहते.

आता तिच्यासाठी काम. नाशकात आहात, मिसळीला तोटा नाही. तीन ठिकाणी जायचं, प्रत्येकीवर दीडशे शब्द. 'अप्रतिम', 'चविष्ट', 'लाजवाब' बंद. तर्री कशी, मटकी मोडते की दाताला लागते, दुसऱ्यांदा मागितलेला रस्सा पहिल्यासारखाच होता का, हे लिहायचं. शेवटी वीसपैकी गुण, कारणासकट. ते तीन कागद मला पाठवा, मग पुढचं बोलू.