साहस शिबिरातली मुलं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मंडळ्या (चर्च) आणि ख्रिस्ती शाळा मुलांसाठी साहस शिबिरं भरवतात. त्यांच्याविषयी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. बालसुरक्षा, दोरकाम आणि प्रथमोपचार या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. मंडळीच्या साहस शिबिराला पहिल्यांदाच निघाली आहे. पाळकसाहेब ओळखीचे असल्यामुळे फार चौकशी करायला संकोच वाटतो. तरी काय विचारावं?

ओळख आहे म्हणूनच मोकळेपणाने विचारा. पहिला प्रश्न : मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे, आणि ती व्यक्ती शिबिरप्रमुखाहून वेगळी आहे का? उद्या तक्रार शिबिरप्रमुखाविरुद्धच करायची झाली, तर पालकाला दुसरं दार हवं. दुसरा प्रश्न स्वयंसेवकांचा. त्यांची पार्श्वभूमी कशी तपासली? शिफारस देणाऱ्यांना कोणी खरोखर फोन केला, की नुसतं पत्र फाइलला लावलं? ‘तो लहानपणापासून आमच्याच मंडळीत आहे’ ही माहिती झाली, तपासणी नव्हे.

मग रात्रीची व्यवस्था विचारा. मुली कुठे झोपतील, जवळ कोण असेल, रात्री शौचालयाला जाताना सोबत कोण? अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मापानुसार निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागे, ९ ते १४ वर्षांच्या ८ मुलांमागे आणि १५ ते १८ वर्षांच्या १० मुलांमागे एक प्रौढ हवा. आकडा सांगितला तर त्यात स्वयंपाकी, चालक आणि पाहुणे वक्ते धरले आहेत का, तेही विचारा. ते धरायचे नसतात.

शेवटी विचारा, ‘काय झालं तर तुम्ही ठरलेला कार्यक्रम रद्द कराल?’ वारा, पाऊस, प्रशिक्षक आजारी, पाणी गढूळ अशी उत्तरं आली तर माणसांनी विचार केलेला आहे. ‘प्रभूची कृपा आहे, काही होत नाही’ एवढंच उत्तर आलं, तर मुलीला या वर्षी घरी ठेवा.

शेकोटीपाशी साक्षी (श्रद्धेचे अनुभव सांगणं) झाल्या की मुलं हळवी होतात. एखादं मूल बाजूला येऊन म्हणतं, मला एकट्याला बोलायचंय, माझ्यासाठी प्रार्थना करा. नाही म्हणवत नाही. मर्यादा कुठे आखायची?

नाही म्हणू नका, जागा बदला. बोलणं कोणाला ऐकू येऊ नये, पण दोघं सगळ्यांना दिसावेत, अशी जागा शिबिराच्या पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा : उजेडातला व्हरांडा, मैदानाच्या कडेचा बाक. बसण्याआधी दुसऱ्या एका स्वयंसेवकाला सांगा, आणि त्याने नजर पोहोचेल एवढ्या अंतरावर थांबावं. तंबू, खोली, मोटार, वस्तीपासून लांबची पायवाट, या जागा कोणत्याही कारणाने नाहीत. प्रार्थनेत डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारा. मूल जरा जरी आक्रसलं तर हात नको. मुलीशी बोलायला शक्यतो स्त्री स्वयंसेवक असावी. दिवे मालवल्यावर समुपदेशन नाही, बोलणं सकाळी. शिबिर संपल्यावर मुलाला खाजगी संदेश पाठवू नयेत. लिहायचंच असेल तर पालक असलेल्या गटात लिहावं.

थकलेल्या मुलाकडून रात्री अकरा वाजता श्रद्धेचा ‘निर्णय’ काढून घेणं, सगळ्यांसमोर पापकबुली द्यायला लावणं, उपासाला बसवणं हेही टाळा. घरातलं काही दु:ख मुलाने शेकोटीवर उघड केलं, तर दुसऱ्या दिवशी इतर मुलांच्या तोंडी त्याची चर्चा असते.

हे नियम पाळकांना, पाहुण्या प्रचारकाला आणि शिबिराला देणगी देणाऱ्यालाही तितकेच लागू. मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस बहुतेक वेळा आधी मोठ्यांचा विश्वास कमावतो. मग एखाद्या मुलाला खास वागणूक, छोटी भेट, ‘हे आपल्या दोघांतच’ असं गुपित, आणि एखादा लहानसा नियम मोडून कोणी हटकतं का ते पाहणं. हटकणारं कोणी नसलं की पुढची पायरी. म्हणून लहान नियम मोडला गेल्यावर तिथेच बोलणं महत्त्वाचं, भले बोलणारा वीस वर्षांचा आणि ऐकणारा साठीचा असो.

ब्रिटनमधल्या आयवर्न या ख्रिस्ती शिबिरांशी जोडलेल्या जॉन स्माइथचं प्रकरण या कामातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. मुलांना आणि तरुणांना तो धर्माच्या नावाखाली क्रूर मारहाण करत असे. १९८२ मध्ये त्यावर अंतर्गत अहवाल तयार झाला, पण तो पोलिसांकडे दिला गेला नाही. स्माइथ १९८४ मध्ये झिम्बाब्वेला गेला आणि तिथेही त्याने मुलांची शिबिरं चालवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाचा मेकिन अहवाल आला आणि त्यानंतर कॅन्टरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. ज्यांना १९८२ मध्ये कळलं होतं, त्यांना अत्याचार खरा वाटला नव्हता असं नाही. त्यांनी तो घरातल्या घरात मिटवायचं ठरवलं.

आणि एखाद्या मुलाने खरंच तसं काही सांगितलं तर त्या क्षणी काय करायचं?

ऐका. चेहरा शांत ठेवा. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण सांगावंच लागणार आहे. त्याऐवजी म्हणा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही. तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन माणसांना हे सांगावं लागेल.’ प्रश्न विचारावा लागलाच तर ‘मग काय झालं?’ एवढाच. ‘त्याने इथे हात लावला का?’ असं विचारलं की उत्तर तुमचं होतं, मुलाचं राहत नाही, आणि पुढे चौकशीत तीच फट सापडते. तासाभराच्या आत मुलाचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून खाली सही करा. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका, अंघोळीची घाई करू नका, रुग्णालयात न्या.

त्याच दिवशी पोलिसांना किंवा तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याला सगळ्याच मुलांपासून दूर ठेवा, फक्त त्या एका मुलापासून नव्हे. दोघांना समोरासमोर बसवून क्षमेची प्रार्थना घेणं हे या वेळी मुलावर लादलेलं दुसरं ओझं आहे. क्षमा करायची की नाही आणि केव्हा, हे त्या मुलाचं आहे. शिबिराच्या सोयीसाठी ते मागून घेता येत नाही.

रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) आणि झिपलाइन (तारेवरून घसरत जाणं) यांचं साहित्य भाड्याने येतं, चालवणारे बाहेरचे. आम्हाला दोरांतलं फारसं कळत नाही. तरी काय पाहता येईल?

बरंच काही. हार्नेसच्या (अंगाला बांधायच्या सुरक्षापट्ट्यांच्या) आतल्या लेबलवर उत्पादनाचं वर्ष असतं. बहुतेक उत्पादक कापडी साहित्याला, न वापरता ठेवलं तरी, जास्तीत जास्त १० वर्षं देतात. रोजच्या वापरात ते बरंच आधी बाद होतं. लेबल पुसलेलं असेल, शिवण उसवलेली असेल, पट्टा उन्हाने फिकट आणि कडक झाला असेल तर तो नको. दोर हातातून सरकवत जा. मध्येच मऊ, चपटा किंवा फुगीर भाग लागला तर आतला गाभा दुखावला आहे. दोर मोटारीच्या बॅटरीशेजारून आला असेल तर तोही परत पाठवा. बॅटरीचं आम्ल नायलॉनला बाहेरून काही न दिसता कमजोर करतं.

लहान मुलांची कंबर अरुंद असते. कमरेचा हार्नेस घट्ट करून खाली ओढून पाहा. तो नितंबांवरून सरकत असेल, तर त्या मुलाला छातीजवळ जोडणी असलेला पूर्ण शरीराचा हार्नेस लागेल, नाहीतर मूल उलटं होऊन निसटू शकतं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसायला हवं. मागे कलंडलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. मोकळे केस, ओढण्या, जाकिटाच्या दोऱ्या आणि गळ्यातला क्रूसही काढून ठेवायला सांगा. क्रूसासाठी मुलं हट्ट करतात, पण साखळी डिसेंडरमध्ये (उतरताना दोराला लावलेल्या ब्रेकमध्ये) अडकली की मूल कड्यावर मधोमध लटकतं.

कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) लॉक फिरवून बंद आहे का ते डोळ्यांनी नव्हे, दाबून पाहायचं. लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन (सुमारे दोन टनांचा ताण) सहन करणारा कॅराबिनर आडवा ओढला गेला की त्याची हमी ७ वर येते, म्हणून तो सरळ बसलाय का हेही पाहा. एट गाठीत (इंग्रजी 8 च्या आकाराच्या गाठीत) दोन्ही पदर शेवटपर्यंत समांतर धावले पाहिजेत आणि शेपूट दोराच्या जाडीच्या किमान दहापट उरलं पाहिजे. गाठ मारताना कोणी हाक मारली आणि हात थांबला, तर गाठ सोडून पहिल्यापासून मारायची. अर्धवट राहिलेल्या गाठींनी निष्णात गिर्यारोहकही पडले आहेत.

रॅपलिंगमध्ये मुलाला उतरण्याच्या दोराशिवाय वरून सुरक्षेचा दुसरा दोर हवा, आणि त्याचा अँकर (दोर वर बांधायचा आधार) वेगळा. रांगेतली मुलं कड्यापासून काही मीटर आत, आखलेल्या दोरीमागे बसलेली हवीत. अपघात बरेचदा उतरणाऱ्याला होत नाही, वाट पाहणाऱ्याला होतो. झिपलाइनला खालच्या माणसाने ‘मोकळं’ असा इशारा दिल्याशिवाय वरचा पुढच्या मुलाला सोडणार नाही. हलकं मूल तारेवर मधेच थांबतं, जड मूल वेगाने येतं. मध्ये अडकलेल्या मुलाला ओढून आणायची सोय नसेल तर तो खेळ सुरूच करू नका, कारण हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिलं तर काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते.

मुलांना नदीत पोहू द्यायचं आहे, आणि काहींचा बाप्तिस्माही (पाण्यात बुडवून घेण्याचा ख्रिस्ती दीक्षाविधी) तिथेच व्हावा अशी इच्छा आहे.

पोहण्यापुरतं बोलायचं तर नदीपेक्षा तलाव आणि तलावापेक्षा तरणतलाव बरा. वाहतं पाणी फसवं असतं. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. पडलेल्याने उभं राहायची धडपड करू नये, कारण पाय दगडांत अडकला की प्रवाह वरून दाबतो. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून तरंगत काठाकडे सरकायचं.

बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होतं, डोकं मागे झुकतं, आणि २० ते ६० सेकंदांत ते खाली जातं. म्हणून पाण्यावर नजर ठेवणाऱ्याला दुसरं काम नाही : फोटो नाही, मोबाइल नाही, गप्पा नाहीत. मुलांच्या जोड्या लावा आणि दर १० मिनिटांनी शिट्टी वाजवून जोड्या मोजा. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचला. ते हनुवटी-कानांपर्यंत चढत असेल तर मापाचं नाही. वाचवताना आधी काठी किंवा दोरी फेका. प्रशिक्षण नसलेल्याने उडी मारली की बुडणारे दोन होतात.

बाप्तिस्म्यासाठी जवळजवळ संथ असलेलं पाणी, कमरेएवढी खोली आणि आधी चालून तपासलेला तळ निवडा. भिजला की जड होणारा पायघोळ झगा टाळा. प्रवाहाच्या खालच्या बाजूला एक प्रशिक्षित माणूस उभा करा, ज्याचा विधीत काही भाग नाही. गीत गाणारी मंडळी नेमकी त्याच क्षणी डोळे मिटून असते.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या एक-तृतीयांश. मूल शुद्धीवर आलं तरी रुग्णालयात न्यायचंच.

शिबिराची जागा नदीकाठी आहे, फार सुंदर आहे. पावसाळ्यात चालेल?

रात्री झोपायला नको. ४ जुलै २०२५ च्या पहाटे अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ग्वादालुपे नदीच्या पुरात कॅम्प मिस्टिक या ख्रिस्ती शिबिरातल्या मुली आणि त्यांची देखरेख करणाऱ्या तरुणी मिळून २७ जणींचा जीव गेला. पुराचा इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता. न्यूझीलंडमध्ये १५ एप्रिल २००८ ला मांगाटेपोपो घळीत पाणी अचानक वाढलं आणि एलिम ख्रिश्चन कॉलेजचे ६ विद्यार्थी आणि १ शिक्षक बुडाले. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली आभाळ कोरडं असू शकतं. झोपायच्या खोल्या पूररेषेच्या वर हव्यात. रात्री कोणीतरी जागं राहून इशारे ऐकायला हवं. चढणीची वाट मुलांनी दिवसा एकदा चालून पाहिलेली असावी. विजेचंही इथेच सांगतो : गडगडाट ऐकू आला की मुलं पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच.

सकाळी मननासाठी मुलं बायबल घेऊन एकेकटी झाडीत बसतात. धोका आहे का? आणि औषधं कोणी सांभाळावीत?

मनन चालू द्या, झाडी आखा. रंगीत फितीने हद्द बांधा, प्रत्येक मूल एखाद्या मोठ्याला दिसलं पाहिजे, प्रत्येकाच्या गळ्यात झटक्यात सुटणाऱ्या दोरीची शिट्टी. जाताना आणि परतताना मोजणी नावानिशी, डोकी मोजून नव्हे.

औषधं कुलपात, पालकांनी लिहिलेल्या मात्रेसह, देताना दोघांच्या सह्या. दम्याचा पंप आणि ॲड्रेनालिनचं पेन (तीव्र ॲलर्जीवरचं तयार इंजेक्शन) मात्र कुलपात नाही, मुलाबरोबरच्या मोठ्याच्या कमरेला. पेन मुलाच्या वजनाचं हवं : १५ ते ३० किलोला सहसा ०.१५ मिलिग्रॅम, त्यावर ०.३. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, मुलाला आडवं ठेवायचं, उठू द्यायचं नाही. श्वास फार लागत असेल तर पाय पसरून बसवा. ५ मिनिटांत फरक नसेल तर दुसरं पेन, आणि पहिलं टोचतानाच रुग्णवाहिकेला फोन. फिट येणाऱ्या मुलाची गोळी ‘प्रार्थनेने बरा झालास’ म्हणून कोणी थांबवली, तर त्या माणसाला मुलांजवळ परत पाठवू नका. मुलाला मात्र त्या दिवशी पाणी आणि दोर दोन्हीपासून लांब ठेवा, आणि गोळी चुकल्याचं पालकांना फोन करून सांगा.