दाताचा इम्प्लांट : ग्रेड ४, ग्रेड ५ की झिर्कोनिया?

प्रश्न : आमचा सोन्या-चांदीच्या गलाईचा (गाळून शुद्ध करण्याचा) व्यवसाय. आईची खालची दाढ काढली आहे. इम्प्लांटसाठी (हाडात बसवायच्या कृत्रिम मुळासाठी) सांगलीत एका डॉक्टरांनी ग्रेड ४ टायटॅनियम सुचवलं, दुसऱ्यांनी ग्रेड ५, तिसऱ्यांनी पांढरा झिर्कोनिया. यातलं शुद्ध कोणतं? आणि सोनं का वापरत नाहीत? – एक वाचक, विटा

उत्तर : सोनं गंजत नाही, पण मऊ पडतं आणि हाड त्याला टायटॅनियमसारखं धरत नाही. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो. ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा चढतो. हाड त्या थराला थेट भिडून वाढतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले ते याच गुणावर.

ग्रेडचा आकडा म्हणजे टंच (शुद्धतेचं माप) नव्हे. १ ते ४ हे सगळे शुद्ध टायटॅनियमच. आकडा वाढतो तसा त्यातला ऑक्सिजन किंचित वाढतो (ग्रेड ४ मध्ये कमाल ०.४० टक्के) आणि त्यानेच ताकद येते. ग्रेड ५ हा मिश्रधातू : अ‍ॅल्युमिनियम ६ टक्के, व्हॅनेडियम ४ टक्के. तो आणखी मजबूत, म्हणून हाड अरुंद असून बारीक इम्प्लांट घालावा लागला तर उपयोगी. आईंचं हाड पुरेसं रुंद असेल तर ग्रेड ४ निर्धास्त घ्या.

झिर्कोनिया (धातू नव्हे, सिरॅमिक) पुढच्या दाताला शोभतो, पातळ हिरडीतून धातूची करडी झाक दिसत नाही. पण तो ठिसूळ. बरेचसे मूळ आणि वरचा खुंट मिळून एकसंध येतात, त्यामुळे बसवताना कोन चुकला तर नंतर सुधारता येत नाही. घासून आकार द्यावा तर बारीक तडे जाऊ शकतात. दाढेला आम्ही तो सुचवणार नाही.

कॅपचा (वर बसणाऱ्या कृत्रिम दाताचा) धातूही विचारा. आईंना खोट्या दागिन्यांतल्या निकेलने खाज येत असेल तर निकेल-क्रोमियमची कॅप नको. अ‍ॅबटमेंटचा (इम्प्लांट आणि कॅप जोडणाऱ्या खुंटाचा) स्क्रू टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळायचा असतो, साधारण २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर. नेमका आकडा कंपनी देते. कॅप हलू लागली तर त्या बाजूने चावणं थांबवून लगेच दाखवा, सैल स्क्रू आतच तुटू शकतो. इम्प्लांटच्या डबीवरचं लॉट नंबर आणि मापाचं स्टिकर मागून फाइलला लावा. दहा वर्षांनी स्क्रू बदलायचा तर त्यावाचून अडतं.

प्रश्न : मिश्री लावल्याने इम्प्लांटचा धातू खराब होतो का? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : धातूला काही होत नाही, पण मिश्रीतल्या तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि हाड इम्प्लांटला न धरण्याचा धोका वाढतो. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात बहुधा जास्त. शस्त्रक्रियेआधीच मिश्री सोडा, नंतरही लावू नका.