हाउस ऑफ लॉर्ड्समधील न्यायाधीशपद सोडून लॉर्ड डेनिंग अपील न्यायालयात परत का गेले?

हाउस ऑफ लॉर्ड्स हे त्या काळी ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ असल्याने, १९६२ मध्ये तेथून ‘मास्टर ऑफ द रोल्स’ म्हणून इंग्लंडच्या अपील न्यायालयाचे प्रमुखपद स्वीकारणे ही वरवर पाहता पदावनतीच वाटते. प्रत्यक्षात बहुतेक दिवाणी अपिले याच न्यायालयात संपत आणि पीठ साधारणपणे तिघांचे असल्याने, एका सहकाऱ्याची साथ मिळाली तरी डेनिंग यांचे मत निर्णायक ठरत असे. वरच्या पीठात चौघांसमोर ते एकटे पडण्याची शक्यता अधिक होती.

व्हिटचर्च येथील कापडविक्रेत्याच्या या मुलाने ऑक्सफर्डला आधी गणित आणि नंतर कायदा शिकून १९२३ मध्ये वकिली सुरू केली व १९४४ मध्ये ते न्यायाधीश झाले. निष्काळजीपणे दिलेल्या हिशेबावर विसंबून नुकसान झालेल्या त्रयस्थालाही भरपाई मिळावी, हे १९५१ मधील त्यांचे अल्पमत मला त्यांचे सर्वांत दूरदर्शी लेखन वाटते, कारण त्यामागील तत्त्व हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६३ मध्ये मान्य केले.

मात्र बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांतील सहा कैद्यांचा पोलिसांविरुद्धचा दावा, तो खरा ठरल्यास पोलिसांची खोटी साक्ष आणि मारहाण सिद्ध होईल या भीतीपोटी, त्यांनी १९८० मध्ये पुढे जाऊ दिला नाही, हे अक्षम्य आहे. त्या सहाही जणांची शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाली. कृष्णवर्णीय ज्यूरी सदस्यांविषयीच्या त्यांच्या लेखनावरून वादंग उठल्यानंतर ते १९८२ मध्ये निवृत्त झाले.