सीए रिपोर्टले काय घाबरतं?

पोरी,

रात्री तुझा मेसेज वाचला. ‘सर, सीए रिपोर्ट (केमिकल ॲनालायझरचा, म्हणजे सरकारी लॅबचा) पॉझिटिव्ह आला, आता केसमध्ये राह्यलं काय?’ झोप उडाली माझी. हेच मी 1994 ले माझ्या सिनियरले विचारलं होतं, तो म्हणे काही नाही राह्यलं, रिपोर्टले ‘हरकत नाही’ लिहून दे, एक्स्पर्टले बोलावू नको, आन मोकळा हो. मी देलं लिहून.

तुझी केस पाह्य. मेलेल्या सुनेच्या विसेऱ्यात (पोटातल्या अवयवांत) मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक, सासऱ्याच्या बुशर्टावरही मोनोक्रोटोफॉस. अवं, सप्टेंबरात जप्त केलेला बुशर्ट आहे तो! कपाशीवर फवारणी सुरू, पाठीवरचा पंप गळते, त्या दिवसात आपल्या तालुक्यात कोणाच्या कपड्यावर औषध नाही निघणार? रिपोर्ट सांगते शर्टावर काय आहे, कसं आलं ते नाही सांगत. ते विचारायले त्या केमिकल ॲनालायझरले बॉक्समध्ये, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, बोलाव. विसेरा आन शर्ट एकाच खोक्यात गेले का, सील कोणाचं होतं, विसेरा मिठाच्या पाण्यात होता तर त्या पाण्याचा वेगळा नमुना पाठवला का, हे सारं विचार.

सरकारी वकील म्हणन की रिपोर्ट साक्षीशिवाय वाचता येते. येते ना, पहिले सीआरपीसीचं कलम 293 होतं, आता बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं 329, पण त्याच कलमात कोर्टाले एक्स्पर्टले बोलावता येते हेही लिहिलं आहे, पुढचं पोटकलम कोणी वाचतच नाही. तू अर्ज दे. बॉक्समध्ये बोलाव.

माझ्यावाल्या केसमध्ये धोतरावर ‘बी’ ग्रुपचं रक्त, मयताचाही ‘बी’. झालं, जन्मठेप. आरोपीचा सोताचा ग्रुप कोणता हे कोणी तपासलंच नाही, आन अटक पंचनाम्यात लिहिलं होतं, उजव्या हाताच्या बोटाले चिंधी बांधलेली. इळ्यानं कापलं होतं त्याचं. ती ओळ मी वाचली होती गं. पण तवा तालुक्याच्या वकिलानं एक्स्पर्ट मागितला तर जजसाहेब वैतागत, तारखा लांबत, आन माझी प्रॅक्टिस ती किती! सिनियरच्या विरोधात जाऊन काय खाल्लं असतं मी? सात वर्षांनी अपिलात सुटला तो. तवर वावर इकलं होतं. घरी आला, ओट्यावर तुरीच्या डाळीची थैली ठेवली, म्हणे वकीलसाहेब, तुमची थोडी फी राह्यली होती.

तवापासून एकही रिपोर्ट मी एक्स्पर्टले बोलावल्याशिवाय जाऊ देला नाही. लोक येडा म्हणत, म्हणू दे.

अमेरिकेच्या एफबीआयची लॅब म्हणजे केवढी मोठी, पण 2015 ले त्यांनीच कबूल केलं की माणसाचे केस जुळवून पाहणाऱ्या त्यांच्या 28 जणांपैकी 26 जणांनी साक्षीत नाहीतर रिपोर्टात चुकीची विधानं केली होती. आपल्याकडं 2022 ले सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या छावला बलात्कार-खुनाच्या केसमध्ये फाशीची शिक्षा झालेले तिघं सोडले, त्यात डीएनएचे नमुने लॅबले जायच्या आधी दहा-अकरा दिवस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. मलेही तवा लय राग आला होता, पण निकाल पूर्ण वाच. डीएनए चांगलाच आहे, पण तो लॅबपर्यंत जाते पोलिसाच्या पिशवीतून.

आन तू म्हणतं क्लायंट खरं सांगते का खोटं हे समजत नाही. मलेही समजत नाही. ते तुझं काम नव्हे, बाई! तू एक्स्पर्टले बॉक्समध्ये बोलाव.

सोमवारी मुद्देमाल रजिस्टरच्या नकलेचा अर्ज टाक. बुशर्ट ठाण्यात कवा जमा झाला आन लॅबले कवा गेला, दोन्ही तारखा मले पाठव. आन एक्स्पर्टचा अर्ज मले दाखवल्याशिवाय लावू नको, तुझं मराठी टायपिंग लय खराब आहे.