कामिकात्सू गावात कचरागाडी नाही हे खरं आहे का? मग कचरा जातो कुठे?

हो, खरं आहे. जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतातल्या या डोंगरी गावात लोक आपला कचरा स्वतः संकलन केंद्रावर नेतात आणि तिथे चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. ज्यांना गाडी चालवता येत नाही, अशा वृद्धांच्या घरून मात्र तो ठरावीक काळाने नेला जातो. वस्ती दीड हजाराच्या आत, त्यातले जवळपास निम्मे 65 वर्षांच्या पुढचे.

कारण पैशाचं होतं. आधी कचरा उघड्यावर जाळत. मग दोन छोट्या भट्ट्या आणल्या, पण डायॉक्सिनचे (कचरा जाळताना निघणाऱ्या विषारी रसायनांचे) नियम कडक झाल्यावर त्या 2001 च्या सुमारास बंद कराव्या लागल्या. नवी भट्टी परवडणारी नव्हती, म्हणून वर्गीकरण. 2003 मध्ये गावाने शून्य कचऱ्याची घोषणा केली.

खरी गोम ओल्या कचऱ्यात आहे: केंद्र तो घेतच नाही, प्रत्येक घरात त्याचं खत होतं. ओलं बाहेर राहिल्यामुळे बाकीचं घाण होत नाही, वासही येत नाही. शिवाय:

- डबे, बाटल्या, प्लास्टिकची वेष्टनं घरीच धुऊन आणायची
- प्रत्येक पेटीवर तो माल कुठे जातो आणि त्यातून गावाला किती येन मिळतात किंवा द्यावे लागतात, हे लिहिलेलं

तरी शून्य गाठलेलं नाही. पुनर्वापर 80 टक्क्यांच्या आसपास आहे. डायपर, सॅनिटरी पॅड, काही रबरी वस्तू अजूनही जाळायला किंवा पुरायला जातात.