बास हवा, पण कुठला?

महागडा हेडफोन घ्यायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: बासमध्ये, म्हणजे गाण्यातल्या खालच्या, जाड आवाजात, तुम्हाला ठोका हवाय की खोली? किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) धक्का साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास बसतो (हर्ट्झचा आकडा जितका कमी, तितका आवाज खोल). डबस्टेपमधली (बासवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतातली) ती पोटात घुमणारी लाट ३० ते ६० हर्ट्झची. बरेच 'बासवाले' हेडफोन १०० ते २०० हर्ट्झचा भाग फुगवतात. पहिल्या पाच मिनिटांत भारी वाटतं, तासाभरात डोकं जड होतं आणि खालची लाट ऐकूच येत नाही.

माझं मत विचाराल तर प्लेनर मॅग्नेटिक (चुंबकांलगतच्या पातळ, सपाट पडद्याने आवाज काढणारे) हेडफोन ऐकून बघाच. उघड्या पाठीचे (बाहेरून जाळीदार) डायनॅमिक, म्हणजे नेहमीच्या स्पीकरसारखे कॉइलवाले, हेडफोन बहुधा ५०-६० हर्ट्झच्या खाली क्षीण होत जातात. चांगला प्लेनर कानाला नीट बसला तर अगदी तळापर्यंत सपाट, म्हणजे सारख्याच जोराचा, राहतो. वजन मात्र मानेला जाणवतं. धक्का अधिक हवा असेल तर बंद पाठीचा डायनॅमिक बघा.

आणि हेडफोनची कानावरची गादी! ती कानाभोवती घट्ट बसली नाही तर, विशेषतः बंद पाठीच्या हेडफोनमध्ये, बास गळून जातो. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकटच ऐका.

इक्वलायझर (खोल-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) वापरायला लाजू नका. ४० हर्ट्झला ४ डेसिबल वाढवलेत, तर प्रीॲम्पही (त्यातली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल.

ऐकायला जाताना रोजची, पाठ असलेली तीन-चार गाणीच न्या. आवाज बेताचा ठेवा. बासच्या नादात तो नकळत वाढतो आणि कान परत मिळत नाहीत.